बोहारणीला फाटकाबाहेर कुणी ठेवलं?

आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा बिल्डरने घरं रिकामी करायला दोन महिन्यांची मुदत दिली. पहिला महिना भाड्याची जागा शोधण्यात गेला आणि दुसऱ्या महिन्यात घरोघरी शिड्या लागल्या. पुण्यातल्या आमच्यासारख्या चाळिशीला आलेल्या इमारतींत न्हाणीघरावर जो माळा असतो, तिथे वर गेलेली वस्तू खाली येते ती एक तर रंगकामाला, नाही तर घरातलं कुणी गेल्यावर.

आमच्या माळ्यावरून सासूबाईंचा पितळी बंब उतरला. मिक्सरची तीन खोकी उतरली, त्यांत मिक्सर एकही नव्हता. मुलाची तीनचाकी, व्हीसीआर, सुतळीने आवळून बांधलेल्या दोन फोमच्या गाद्या, सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणातला वॉकर आणि कमोडची खुर्ची. श्रीखंडाचे धुऊन पुसून एकात एक बसवलेले प्लास्टिकचे डबे मी हौसेने मोजले, सत्तेचाळीस भरले. शिवाय एक पत्र्याची ट्रंक, साड्यांनी भरलेली. त्यातल्या निम्म्या साड्या मी एकदाही नेसले नव्हते.

प्रत्येक मजल्यावर कमीअधिक हेच चाललं होतं आणि या सगळ्याचं करायचं काय, यावर सगळ्यांचं उत्तरही एकच होतं. ‘देऊन टाकू कुणालातरी.’

हा ‘कुणालातरी’ फार सोयीचा शब्द आहे. त्याला तोंड नसतं, पत्ता नसतो, आवडनिवड नसते. त्याच्या अंगाला कुठलाही शर्ट बसतो, त्याच्या घरात कायम एक गादी कमी असते आणि आपण दिलं की तो खूशच होतो. घर आवरण्याबद्दल हल्ली जेवढं लिहिलं-बोललं जातं त्यात एखादी वस्तू घराबाहेर काढल्यावर मन कसं हलकं होतं याचं वर्णन असतं. ती वस्तू दाराबाहेर पडल्यावर कुणाच्या डोक्यावर बसते, हा प्रश्न बहुतेक वेळा तिथे येतच नाही.

माझं म्हणणं असं की जुनी वस्तू अशाच माणसाला द्यावी ज्याला ती नाकारता येते. जमेल तिथे विकावी, आणि विकताना घासाघीस करावी. फुकट देणं सगळ्यात शेवटी. हे ऐकल्यावर लोक माझ्याकडे ‘हिला दोन पैसे सुटत नाहीत’ अशा नजरेने बघतात. म्हणून जरा विस्ताराने सांगते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. आमच्या इमारतीतून मदतीचा एक टेम्पो भरायचा ठरला आणि पार्किंगमध्ये दोन दिवसांत कपड्यांचा ढीग छातीएवढा झाला. निवडायला आम्ही चौघीजणी बसलो. त्या ढिगात हूक तुटलेले ब्लाउज होते, जोडीच्या साड्या नव्हत्या. चेन नसलेल्या पँटा होत्या. एका पायाची चप्पल होती. कुणाच्यातरी लग्नातली शेरवानी होती, टिकल्या झडलेली. वापरलेली अंतर्वस्त्रं होती, आणि ती पिशवीत घालताना त्या माणसाच्या मनात नेमकं काय चाललं असेल याचा मी अजून विचार करते. हे देणारी माणसं वाईट नव्हती. याच घरांतून पुराच्या बातम्या बघताना डोळ्याला पदर लागला होता. पण पूरग्रस्त हा त्यांच्या लेखी ‘कुणीतरी’ होता.

माझ्या नात्यातल्या एक वहिनी सांगलीत असतात. त्यांना फोन केला. म्हणाल्या, “कपडे नका हो पाठवू. खराटे पाठवा, फिनेल पाठवा, कोऱ्या चादरी आणि बायकांचे पॅड पाठवा. घरात गुडघाभर चिखल आहे. इथं शाळेच्या पटांगणात कपड्यांचा डोंगर झालाय, त्यावर पाऊस पडतोय. पाणी उतरल्यावर तोही आम्हालाच उचलायचाय.” आम्ही तीन चतुर्थांश ढीग मागे ठेवला. ज्यांचं मागे राहिलं त्यांतल्या दोघांनी पुढे महिनाभर आमच्याशी बोलणं टाकलं होतं.

दहाएक वर्षांपूर्वी गावोगाव ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली तेव्हाही हेच पाहिलं. कल्पना चांगली होती: नको असेल ते इथे ठेवा, हवं असेल ते घेऊन जा. पहिल्या आठवड्यात खुंट्यांवर इस्त्रीचे शर्ट टांगलेले असायचे. आमच्या जवळच्या भिंतीपाशी तिसऱ्या महिन्यात भिजलेली गाठोडी होती आणि सकाळी झाडायला येणाऱ्या बाई ती खराट्याने एका कडेला लोटत होत्या. भिंत नाही म्हणू शकत नाही. तुम्ही काहीही आणा, ती घेते.

फाटकी वस्तू खालच्याला देण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि ती गोड नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला काय द्यावं याची यादीच दिली आहे: उष्टं अन्न, जीर्ण वस्त्रं, धान्यातलं फोल, जुनं घरसामान. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये, त्याच महाडला, बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उष्टे तुकडे घेणं सोडा असं सांगितलं होतं. म्हणजे ‘नको’ म्हणणं ही तिथे स्वाभिमानाची पहिली पायरी होती. आणि आम्ही शंभर वर्षांनी पार्किंगमध्ये ढीग लावून त्याला सत्कार्य म्हणतो. तुलना कडक आहे याची मला कल्पना आहे. पण यादी पुन्हा एकदा वाचून बघा: कपडे, उरलेलं अन्न, जुनं सामान.

माझंच सांगते. आमच्याकडे सोळा वर्षं कामाला असलेल्या मावशींना मी दर दिवाळीत साड्या द्यायचे. बोनस वेगळा द्यायचे, तेवढी अक्कल होती. पण साड्यांची पिशवीही असायचीच. शिवाय अधूनमधून चादरी, मुलाचे दप्तर, डबे. मावशी हसून न्यायच्या. घर बदलायच्या सुमारास त्या पडल्या, पाय प्लास्टरमध्ये, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. दहा बाय बाराची खोली, पाच माणसं. बोलता बोलता त्यांच्या नातवाचा चेंडू कॉटखाली गेला आणि तो काढायला पोरगं सरपटत आत शिरलं, तेव्हा त्याने आधी चार पिशव्या बाहेर ओढल्या. माझ्याच होत्या. एका साड्यांच्या दुकानाच्या जांभळ्या पिशव्या, मी मारलेल्या गाठी तशाच. एकही सोडलेली नव्हती.

मावशी ओशाळल्या. म्हणाल्या, “ताई, तुम्ही मनानं देता. नाही कसं म्हणायचं?”

माझ्या माळ्याचा एक तुकडा इतकी वर्षं त्यांच्या कॉटखाली होता. मी घर आवरत होते आणि त्या ते सामान सांभाळत होत्या, माझ्या खोलीपेक्षा लहान खोलीत, फुकट.

आता बोहारणीकडे येते, म्हणजे जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या फेरीवालीकडे. माझं लहानपण साताऱ्याचं. दुपारी दोनच्या सुमारास, जेवणं आटपून बायका जरा लवंडल्या की गल्लीत आरोळी यायची. डोक्यावरच्या पाटीत स्टीलची भांडी, पाठीवर कपड्यांचं गाठोडं. बोहारीण पायरीवर बसली की आई आतून पिशवी आणायची आणि पुढचा तासभर नाटक चालायचं. बाई पँट घ्यायची, उन्हात धरायची, बैठकीच्या जागी दोन्ही मुठींनी ताणायची. शर्टाची कॉलर उलटी करून बघायची, मग काख. “हे विरलंय.” बाजूला. “हे चालंल.” मांडीवर. आई एका डब्यावर बोट ठेवायची, ती म्हणायची अजून एक साडी टाका, जरीची असेल तर बघा. आई पिशवी उचलून आत जायचं सोंग करायची, ती पाटी डोक्यावर घ्यायचं. मध्ये चहा व्हायचा. शेवटी सौदा तुटायचा तेव्हा दोघींनाही आपण दुसरीला जरा बनवलं असं वाटत असायचं.

त्या तासाभरात किती गोष्टी घडत होत्या हे मला फार उशिरा कळलं. पाटीतलं भांडं तिने पदरच्या पैशाने किंवा उधारीवर घेतलेलं असायचं. म्हणजे पुढे विकलं जाणार नाही असं चिरगुट तिला परवडणारच नव्हतं. त्यामुळे तिची पारख पक्की होती. आणि ती आईच्या समोर व्यापारी म्हणून बसायची, मागणारी म्हणून नव्हे. तिच्या नकाराला दोघींच्याही लेखी किंमत होती. तिने बाजूला टाकलेल्या कपड्याचं मग आई फडकं करायची, किंवा तो गोधडीच्या पोटात जायचा.

हा धंदा मुख्यतः गुजरातेतून पसरलेल्या देवीपूजक समाजातल्या बायकांचा. पूर्वी त्यांना वाघरी म्हणत. गाठोडं घरी गेलं की घरची सगळी माणसं कामाला लागतात. निवडायचं, धुवायचं, उसवलेलं शिवायचं, बटणं लावायची, इस्त्री मारायची. चांगला कपडा आठवडे बाजारात किंवा मजूर अड्ड्यापाशी विकला जातो आणि तिथलं गिऱ्हाईकही कपडा ताणून, उलटा करून, भाव पाडूनच घेतं. दिल्लीत रघुबीर नगरला अशा कपड्यांचा अख्खा बाजार पहाटे अंधारात भरतो. विरलेलं सुती कापड गॅरेजमध्ये, कारखान्यांत यंत्रं पुसायला जातं. खऱ्या जरीचे काठ जाळून त्यातली चांदी काढतात. लोकरीचं पानिपतला जातं. तिथे त्याच्या चिंध्या फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याच्या स्वस्त घोंगड्या होतात. परदेशातल्या थंड मुलखांतले टाकलेले स्वेटरही जहाजाने येऊन तिथेच पोचतात. या साखळीतला प्रत्येक माणूस पैसे मोजून वस्तू घेतो, म्हणून प्रत्येक माणूस ती नीट बघून घेतो. असं लक्ष देऊन तुमचा जुना शर्ट जगात दुसरं कुणीही बघणार नाही.

आणि आपण काय केलं? आमच्या फाटकावर पाटी होती: ‘फेरीवाले, भंगारवाले व सेल्समन यांना प्रवेश नाही.’ ज्या सभेत ती लावायची ठरली तिथे मीही हात वर केला होता. सायकल चोरीला गेली होती, सगळे घाबरले होते. पाटी लागली आणि दुपारची आरोळी थांबली. थांबली हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर बायका दुपारच्या घरी नव्हत्याच. चावीवाला, छत्रीवाला, चाकूला धार लावणारा, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा, सगळेच त्या पाटीखाली गेले. नंतर आम्हीच तक्रार करायला लागलो की हल्ली काही दुरुस्तच होत नाही, सगळं टाकावंच लागतं.

सामान वाढण्याचं आणि हा रस्ता बंद होण्याचं असं नातं आहे. चांगल्या विचारांच्या अभावी घरं तुंबलेली नाहीत. नळ चालू आहे आणि मोरीला बोळा घातला आहे.

नळ चालू ठेवण्यात आपला, म्हणजे मराठी घरांचाही, स्वतःचा असा हातभार आहे. संक्रांतीचं वाण घ्या. तिळगूळ आणि सुगडं कधीच मागे पडली. आता प्लास्टिकची गाळणी, प्लास्टिकचे चमचे, फ्रिजवर चिकटवायचं काहीतरी. बारा घरी हळदीकुंकवाला गेलं की बारा वस्तू घरात. पुढच्या वर्षी त्यांतल्याच कुणाला देता येत नाहीत, कारण कुणाकडून काय आलं ते आठवत नाही. ब्लाउजपीसचं मात्र कौतुक करायला हवं. ओटीत आलेला ब्लाउजपीस दुसऱ्याच्या ओटीत, तिथून तिसऱ्याच्या. माझी एक आत्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात नाव घालायची, ज्याचं त्याला परत जाऊ नये म्हणून. एकदा तिनेच नाव घातलेला पीस सहा वर्षांनी तिच्या ओटीत आला. कात्री न लागता, शिवणीचं तोंड न बघता तो कापडाचा तुकडा निम्मं सातारा हिंडून आला होता. पुनर्वापर म्हणतात तो हाच असेल तर आपण जगाला शिकवू शकतो.

शाळेतल्या ‘टाकाऊतून टिकाऊ’बद्दलही माझं मत बरं नाही. मुलाच्या त्या प्रकल्पासाठी मी एका रिकाम्या बाटलीवर रंग, चमकी, डिंक आणि लेस मिळून दीडशे रुपये खर्च केले होते. झालेल्या फुलदाणीत कधी फूल गेलं नाही. ती माळ्यावर गेली आणि परवा उतरली. बाटली तशीच ठेवली असती तर भंगारवाल्याने काचेच्या भावात घेतली असती. चमकी आणि डिंक फासल्यावर तीही शक्यता गेली. कचऱ्याला नवं रूप देण्याच्या बऱ्याच हस्तकला म्हणजे कचऱ्याची मुदतवाढ असते. वस्तूला नवा उपयोग मिळाला का, याची खूण एकच: कुणाला ती हवी आहे का. आपल्याला ती देखणी वाटते का, ही नव्हे. गोधडी टिकली कारण थंडी वाजत होती. बाळाला पहिलं अंगडं जुन्या मऊ धोतराचं शिवायचे कारण नवं कापड टोचतं.

वस्तू कशाची बनली आहे यावरही बरंच ठरतं, आणि इथे आपण दोष फक्त माणसांच्या हौसेला देऊन भागणार नाही. पूर्वीची कापसाची गादी दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी यायचा, उसवायचा, धनुकलीवर कापूस पिंजायचा. अंगणात ढग उतरल्यासारखं व्हायचं आणि संध्याकाळी त्याच कापसाची फुगलेली नवी गादी तयार. खोळ बदलली की शोभेलाही नवी. फोमची गादी बसली की बसली. तिला पिंजता येत नाही, विकता येत नाही, भंगारवाला हात लावत नाही, घंटागाडी घेत नाही. आमच्या इमारतीतून अशा एकतीस गाद्या निघाल्या. त्यांतल्या काही कुठे गेल्या ते मला माहीत आहे, कारण नदीकाठच्या रस्त्यावर संरक्षक कठड्याला टेकून उभ्या केलेल्या मी पाहिल्या. एक आमचीच होती, उशाकडचा चहाचा डाग ओळखीचा. सागवानी कपाटाला जुन्या लाकडाच्या दुकानात गिऱ्हाईक मिळालं. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं, वर चकचकीत कागद चिकटवलेलं कपाट चारजणांनी उचलताच मधोमध मोडलं. दुकानात उभं असताना मात्र दुसरंच जास्त छान दिसतं.

म्हणून म्हणते की बोहारणीच्या नकारात माहिती असते. तिने लेगिंग्ज बाजूला टाकल्या की पुढच्या वेळी त्या घेताना हात जरा आखडतो. देणगीची पेटी असं काही सांगत नाही. ती आपल्याला पुन्हा खरेदीला मोकळं करून सोडते.

सगळं विकताच येतं असं नाही, आणि विकावंच असाही माझा हट्ट नाही. सासऱ्यांचा वॉकर आणि खुर्ची मी रुग्णसाहित्य केंद्रात दिली. अशी केंद्रं आपल्या बहुतेक शहरांत कुठल्या ना कुठल्या मंडळाची, ट्रस्टची असतात. तिथल्या काकांनी वॉकरची रबरी बूच तपासली, एक झिजलंय म्हणाले, खुर्ची हलवून बघितली आणि मग पावती केली. नेणाऱ्याकडून अनामत घेतात, वस्तू परत आली की पैसे परत. आजारपण संपलं की कमोडची खुर्ची घरात नकोशी होते आणि नेमकी तीच आणखी कुणाला त्याच रात्री हवी असते. इथे तपासणं आहे, नोंद आहे, अनामत आहे, म्हणून ते चालतं. तीच खुर्ची भिंतीपाशी ठेवली असती तर तिचे स्क्रू आधी गेले असते.

‘गूंज’चं कामही मला याच कारणासाठी पटतं. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेल्या या संस्थेने जुना कपडा दान म्हणून वाटायचंच नाकारलं. गावाने ठरवायचं आपल्याला काय हवंय: विहिरीतला गाळ काढायचा, रस्ता नीट करायचा, बांध घालायचा. गावकऱ्यांनी काम करायचं आणि मोबदल्यात शहरातून निवडून, नीट करून आलेलं सामान घ्यायचं. निवडण्यावर त्यांची मोठी मेहनत असते. सुती कापडाचे धुऊन पॅड होतात. गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा बातम्यांत ‘कपडे वाटणारा माणूस’ असं काहीतरी आलं होतं. तो माणूस वाटणं सोडूनच उभा राहिला होता.

आता आक्षेप. पहिला सुरक्षेचा, आणि तो खोटा नाही. एकटी म्हातारी माणसं असलेल्या इमारतीत कुणीही वर येऊन घंटा वाजवावी असं मीही म्हणणार नाही. पण ज्या फाटकातून दिवसाला पन्नास कुरिअरवाले आणि जेवण पोचवणारे नोंद करून आत येतात, तिथे महिन्यातून एका रविवारी चार भांडीवाल्या बायकांना पार्किंगमध्ये बसायला जागा देता येत नाही, हे मला पटत नाही. कुरिअरवाला सामान आत आणतो, बोहारीण बाहेर नेते. आपण फक्त आत आणणाऱ्यांची सोय केली आहे.

दुसरा आक्षेप: हल्ली सगळं मोबाइलवर विकता येतंच की. येतं, सोफा येतो, फोन येतो. धुऊन विटलेली पँट कुणी फोटो काढून विकत नाही, आणि घरात साठतं ते मुख्यतः असंच, एकेकटं बिनमोलाचं, मिळून पोतंभर.

तिसरा, माझ्या मुलाचा: “आई, गरीब बाईशी दहा रुपयांवरून वाद घालायचा म्हणजे क्रूरपणा आहे.” असू शकतो. वीस रुपयांच्या वस्तूसाठी तिला तासभर ताटकळत ठेवलं तर आहेच. पण तिला फुकट गाठोडं देणारीपेक्षा तिच्याशी भाव करणारी बाई तिला जास्त ओळखते. घासाघिशीत शेवटी आपण हरावं, एवढं पथ्य पाळलं म्हणजे झालं.

पुनर्विकासाने हा प्रश्न घराघरापुरता ठेवलेला नाही. पुण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत एकेका रस्त्यावर तीन-तीन इमारती एकाच वेळी रिकाम्या होत आहेत. प्रत्येक इमारतीतून ट्रकच्या ट्रक भरून चाळीस वर्षांचं सामान पंधरा दिवसांत बाहेर पडतं, आणि महापालिकेच्या लेखी तो फक्त कचरा असतो. सुका कचरा वेचणाऱ्यांनी आपल्या संघटनेला १९९३ मध्येच नाव दिलं होतं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. काय विकलं जातं आणि कशावर पोट चालतं, हे त्या नावातच आहे. त्याच बायकांतून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि पुण्याचा दारोदारचा कचरा उचलू लागली. त्यांच्या हातगाडीत गादी मावत नाही आणि तशी अपेक्षाही नसावी. पण इमारत पाडायला परवानगी देताना पालिका झाडांची विचारपूस करते, तशी सामानाचीही करू शकते. पाडापाडीच्या आधी एक महिना, त्याच आवारात, भंगारवाले, भांडीवाल्या, जुन्या लाकडाचे व्यापारी, रद्दीवाले यांना बोलावून बाजार भरवायचा, एवढी एक अट करारात घातली तर बिल्डरचं काही जात नाही. टीव्ही-मिक्सर वेगळे काढायचे. जुन्या जाड टीव्हीच्या काचेत शिसं असतं आणि तारा जाळून तांबं काढणाऱ्या पोरांच्या फुप्फुसात त्याचा धूर जातो. ई-कचऱ्याचे नियम आहेत, त्यात कंपन्यांवर जबाबदारीही टाकलेली आहे, पण पार्किंगमधल्या व्हीसीआरला त्या नियमांपर्यंत न्यायचं कुणी, हे गल्लीच्या पातळीवर ठरलेलं नसतं.

आणि बाजार आहेत ते तरी टिकवा. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे नटबोल्टपासून ग्रामोफोनपर्यंत काहीही मिळतं, आणि वाहतुकीला अडचण होते म्हणून तो हलवण्याची चर्चा अधूनमधून उठतेच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात वर्षानुवर्षं भरत आलेल्या बाजारांना ‘नैसर्गिक बाजार’ म्हणून मान्यता देण्याची तरतूद आहे. तिचा वापर करायला कुणाची हरकत असू नये. ज्या शहरात राजा केळकर संग्रहालय आहे त्या शहराला तरी जुन्या सामानाची किंमत सांगायला नको. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभं केलेलं ते संग्रहालय म्हणजे दुसऱ्यांच्या घरांतली भांडी, दिवे, अडकित्ते, दारं. कुणाच्यातरी माळ्यावरच होतं ते सगळं. फरक इतकाच की केळकर एकेक वस्तू हातात घेऊन, पारखून घेत गेले.

बंबाचं सांगायचं राहिलं. तांबट आळीत मोडीत घालायला नेला होता. दुकानदाराने आतून टॉर्च मारला, कल्हई गेलीये म्हणाला, वजन केलं, घट धरून भाव सांगितला. भाव वाजवी होता. मी परत घेऊन आले. भाड्याच्या घराच्या गॅलरीत तो आहे आणि त्यावर कुंडी ठेवली आहे. हे सगळं लिहिणारी मीच तशी आहे, हे इथे कबूल केलेलं बरं.

आता भाड्याने राहतो त्या इमारतीच्या फाटकावरही तशीच पाटी आहे. सेक्रेटरींना भेटले, ते ‘सभेत मांडू’ म्हणाले. तोवर मी फाटकाबाहेर पदपथावरच सोय केली. मार्केटजवळ बसणाऱ्या एका भांडीवालीला शनिवारी दुपारी बोलावलं आणि ट्रंकेतल्या साड्या मुलाकडून खाली आणवल्या. वॉचमनने खुर्ची दिली. मावशीही आल्या होत्या, आपल्या चार पिशव्या घेऊन. त्यांचा सौदा त्यांनीच केला आणि माझ्यापेक्षा चांगला केला, एक झाकणाचं पातेलं आणि वर दोन वाट्या.

माझ्या साड्या तिने एकेक उलगडून उन्हात धरल्या. अकरा घेतल्या, सहा परत केल्या. दोन जरीच्या होत्या. एक खरी, एक खोटी, हे तिने काठ नखाने खरवडून सांगितलं. पंचवीस वर्षं मला उलटंच वाटत होतं. शेवटी एक मध्यम डबा ठरला. तिचं मन जरा प्रसन्न दिसलं म्हणून मी हळूच विचारलं, “श्रीखंडाचे डबे घेता का? सत्तेचाळीस आहेत. धुतलेले.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं, आणि पाटी उचलली.